दिल्लीतली युद्धस्मारके आणि शाळेची सहल

दिल्लीतल्या युद्धखुणा एका छताखाली गोळा केलेल्या नाहीत. १८५७ च्या वेढ्याच्या खुणा शहराच्या उत्तरेला काश्मिरी गेट आणि रिज या टेकडीवर आहेत. पहिले महायुद्ध कर्तव्यपथाच्या टोकाला इंडिया गेटच्या रूपाने उभे आहे आणि आझाद हिंद सेनेचा खटला लाल किल्ल्याशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची जागा छावणीच्या हद्दीत, तर १९४७ नंतरच्या हुतात्म्यांची राष्ट्रीय युद्धस्मारकात. यातले प्रत्येक स्मारक कोणत्या तरी सरकारने, ठरावीक वर्षी, ठरावीक मृतांसाठी बांधले. कोणत्या युद्धाला राजधानीच्या मध्यावर जागा मिळाली आणि कोणते कडेला गेले, हे मुलांनी स्वतः फिरून पाहावे, एवढ्यासाठी ही सहल काढण्यासारखी आहे.

शाळांच्या नेहमीच्या दिल्ली सहलीत हे साधत नाही. दिल्ली, आग्रा, मथुरा आणि जमल्यास हरिद्वार अशा आखणीत इंडिया गेटच्या वाट्याला वीस मिनिटे आणि एक समूह छायाचित्र येते. युद्धांचा इतिहास हा विषय धरायचा, तर आग्रा सोडून द्यावे लागते. पालकांची नाराजी ओढवते, पण ती सहलीच्या पहिल्या सभेतच ओढवून घेतलेली बरी. पानिपताचा मोहही मराठी शाळांना हमखास होतो. १४ जानेवारी १७६१ ची ती रणभूमी दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे आणि काला आंब हे स्मारक पानिपत शहराच्या बाहेर आहे. जाण्या-येण्यात दिवस संपतो. तिथे जायचेच असेल तर एक पूर्ण दिवस वाढवावा. संध्याकाळी उरकण्याचे ते ठिकाण नाही.

मुक्कामाचे दिवस आणि महिना ठरवताना हवामानाइतकेच सरकारी वेळापत्रक पाहावे लागते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी जानेवारीत कर्तव्यपथाचा परिसर तालमींनी व्यापलेला असतो, २९ तारखेच्या बीटिंग रिट्रीटपर्यंत तिथली ये-जा मोकळी नसते. स्वातंत्र्यदिनाच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो. दिवाळीच्या सुट्टीत सहल काढणे शाळांना सोयीचे वाटते, मात्र त्याच दिवसांत दिल्लीची हवा सर्वांत वाईट असते. दमा असलेल्या मुलांसाठी हे धोक्याचे आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात. उरतात ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस आणि फेब्रुवारी. वार्षिक परीक्षा लक्षात घेता आठवी-नववीच्या वर्गांना यातला पहिला काळ अधिक सोयीचा. आठवड्याच्या वारांचाही विचार हवा. लाल किल्ला आणि दिल्लीतली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, पालमचे हवाई दल संग्रहालय सोमवार-मंगळवार दोन्ही दिवशी. रविवारी इंडिया गेटवर जत्रा असते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन दिवस धरले की सगळे जमते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते. चाळीस-पंचेचाळीस मुलांचे आरक्षण एका खिडकीवर एका फॉर्मने होत नाही. मुख्याध्यापकांचे पत्र आणि नावांची यादी घेऊन स्थानकातल्या आरक्षण अधिकाऱ्यांकडे गट आरक्षणाचा अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्यांच्या सवलतीची चौकशीही त्याच वेळी करावी. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना अभ्याससहलीसाठी वेगळी सवलत आहे, हे अनेक शाळांना माहीत नसते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस, मिरज-सातारा भागातून गोवा एक्सप्रेस आणि मुंबईहून पंजाब मेल या जुन्या ओळखीच्या गाड्या आहेत. नागपूरकरांना गाड्यांची ददात नाही. शिक्षण विभागाची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रे, मुलींसोबत शिक्षिका, प्रत्येक मुलाच्या औषधांची नोंद ही कागदपत्रे नेहमीचीच. त्यात प्रत्येकाचे शाळेचे ओळखपत्र आणि आधारची प्रत घालावी, कारण दिल्लीतल्या सरकारी जागी ते केव्हाही मागितले जाते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते. वयाचा पुरावा मात्र जवळ असावा.

सहलीची खरी तयारी दोन महिने आधी वर्गात होते. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड या भागांतल्या कितीतरी गावांत चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. नावे त्यावर नसतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लष्करी परंपरेमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ हेच नाव पडले आहे. अशी पाटी जवळपास असेल, तर मुलांनी त्या संख्येमागची नावे शोधावीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची यादी विनामूल्य पाहता येते. भारतीय सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. अडचण इंग्रजी अक्षरांची आहे. एकच मराठी नाव तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते, गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे उतरलेले असते. म्हणून नावावरून शोधण्याऐवजी रेजिमेंट आणि जिल्ह्यावरून शोधणे सोपे जाते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर काही जुने दस्तऐवज घरबसल्या पाहता येतात. ते नववीच्या मुलांना जड जातात, पण शिक्षकाने एखादे पान छापून वर्गात आणावे.

हे शोधकाम का करायचे, ते इंडिया गेटखाली उभे राहिल्यावर कळते. एडविन लटयन्सने आखलेल्या या ४२ मीटर उंच कमानीची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी केली आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. १९१४ ते १९२१ या काळात मेलेल्या सुमारे ७०,००० भारतीय सैनिकांसाठी ती आहे. फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली ही रणांगणे तिच्यावर कोरली आहेत. नावे मात्र सुमारे १३,३०० जणांचीच आहेत, आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. महाराष्ट्रातले असंख्य सैनिक मेसोपोटेमियात होते. सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. मराठा पलटणी तिच्यात होत्या. त्या मृतांची नोंद इराकमधल्या बसरा स्मारकाशी जोडलेली आहे, इंडिया गेटशी नाही. तिथेही साध्या भारतीय शिपायांची नावे दगडावर कोरली नव्हती. अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची केवळ संख्या, अशी ती रीत होती. फ्रान्समध्ये पडलेल्या आणि समाधी नसलेल्यांसाठी न्यूव्ह शापेलचे स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून अधिक भारतीय नावे आहेत. आपल्या गावचा सैनिक कोणत्या यादीत आहे हे आधी पाहून गेलेला वर्ग कमानीवर त्याचे नाव शोधत बसत नाही. नाव का नाही, हे तो विचारतो. दुर्बीण मात्र बरोबर न्यावी. नावे उंचावर आणि बारीक आहेत, आणि कमानीच्या भिंतींपर्यंत जाऊ देत नाहीत.

कमानीमागची छत्रीही थांबून पाहण्यासारखी आहे. तिच्यात १९३६ पासून पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ मध्ये हलवला आणि पुढे उत्तर दिल्लीतल्या कॉरोनेशन पार्कमध्ये ठेवला. अर्धशतकाहून अधिक काळ छत्री रिकामी राहिली. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे सुभाषचंद्र बोस यांचा २८ फुटी काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा आला. बांगलादेश युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी कमानीखाली पेटवलेली अमर जवान ज्योती २१ जानेवारी २०२२ रोजी शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. या तारखा मुलांना क्रमाने मांडायला सांगाव्यात. साम्राज्याचे स्मारक प्रजासत्ताकाने कसे वापरले, याची चर्चा त्यातून आपोआप सुरू होते, वेगळे भाषण करावे लागत नाही.

राष्ट्रीय युद्धस्मारक इंडिया गेटच्या पूर्वेला, चालत पाच मिनिटांवर आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुले झाले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सुमारे ४० एकरांत एकात एक चार वर्तुळे आहेत: मध्यभागी ज्योत असलेले अमर चक्र, मग वीरता चक्र, त्याग चक्र आणि सर्वांत बाहेर झाडांचे रक्षक चक्र. वीरता चक्रात सहा ब्राँझ शिल्पपट आहेत. त्यांत तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, कराचीवरचा नौदलाचा हल्ला म्हणजे ऑपरेशन ट्रायडंट, आणि सियाचेनचे ऑपरेशन मेघदूत ही दृश्ये आहेत. मुलांच्या हाती भारतीय उपखंडाचा कोरा नकाशा दिला तर ही सहा ठिकाणे त्यावर दाखवताना अर्धा तास सहज जातो. सीमा कुठे, बर्फ कुठे, वाळवंट कुठे, हे सगळे त्यात येते. त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची ग्रॅनाइटची वीट आहे. उद्घाटनाच्या वेळी ही नावे २५,९४२ होती, त्यानंतर भर पडत गेली. नाव कोणत्या भिंतीवर आहे ते शोधण्याची संगणकीय सोय आवारात आहे. आपल्या तालुक्यातल्या हुतात्म्याचे नाव, हुद्दा आणि तुकडी आधी लिहून नेली असेल तर ती वीट लवकर सापडते.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. मराठी मुलांनी तिथे तिघांसमोर थोडे अधिक थांबावे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, आणि हा सन्मान त्यांनी जिवंतपणी स्वीकारला. अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले आणि १९६५ च्या युद्धात फिलोऱ्याच्या लढाईनंतर धारातीर्थी पडले. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये बसंतरला एकविसाव्या वर्षी गेले. तारापोर आणि खेत्रपाल दोघेही पूना हॉर्सचे. स्मारकात संध्याकाळी मानवंदनेचा कार्यक्रम असतो आणि एखाद्या हुतात्म्याचे कुटुंबीय पुष्पचक्र वाहतात. मोबाइल तेव्हा खिशात हवेत. सहलीच्या गणवेशाऐवजी शाळेचा गणवेश असेल तर उत्तम.

इथे एक फट लक्षात येते. इंडिया गेट १९२१ ला थांबते आणि राष्ट्रीय युद्धस्मारक १९४७ नंतर सुरू होते. मधल्या दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते आणि त्यांतले ८७,००० च्या आसपास मेले. राजधानीच्या मध्यावर त्यांना जागा नाही. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांना तोच सन्मान एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्याच सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी मिळाला. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, पण दिल्लीत इंडिया गेट ते युद्धस्मारक या वाटेवर त्यांचे नाव कुठेच भेटत नाही. ते कोणासाठी लढले हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला. मुलांनीही तो विचारावा. शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये.

या प्रश्नाची दुसरी बाजू लाल किल्ल्यात आहे, म्हणून सहलीचा पहिला दिवस तिथे घालवावा. व्हायोलेट मार्गावरचे लाल किला मेट्रो स्थानक अगदी जवळ आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला इथे चालला. बचाव प्रामुख्याने भुलाभाई देसाईंनी केला. जवाहरलाल नेहरूंनीही त्यासाठी वकिलीचा झगा पुन्हा चढवला. जन्मठेपेची शिक्षा झाली, पण लोकक्षोभ पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ च्या आरंभी ती माफ केली. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटकाही होती. किल्ल्यातल्या ब्रिटिश बराकींमध्ये २३ जानेवारी २०१९ रोजी संग्रहालये उघडली. त्यांत एक नेताजी आणि आझाद हिंद सेनेचे, एक १८५७ चे आणि एक जालियनवाला बाग व पहिल्या महायुद्धाचे आहे. वेळ थोडा असेल तर दिवाण-ए-आमच्या गर्दीत रेंगाळण्यापेक्षा या बराकींना दोन तास द्यावेत. दिवाण-ए-खासात मात्र जावे. जानेवारी ते मार्च १८५८ मध्ये बहादूरशाह जफरवरचा खटला तिथेच चालला. एकाच किल्ल्यात ८७ वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन खटले शेजारी ठेवले की मुलांना १८५७ आणि १९४५ यांचा धागा दिसतो.

दुपारनंतर काश्मिरी गेट. १४ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी हा दरवाजा सुरुंगाने उडवला आणि शहरात शिरले. तोफगोळ्यांचे घाव तटावर अजून आहेत. मूळ अवस्थेत राहिलेली युद्धखूण म्हणून दिल्लीत याच्या तोडीचे ठिकाण नाही. स्मारके सगळी नंतर बांधलेली असतात. तिथून रिजवर अजितगढ आहे. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांसाठी १८६३ मध्ये बांधलेला हा गॉथिक धाटणीचा लाल मनोरा. १९७२ मध्ये सरकारने तो पाडला नाही, नाव बदलले आणि एक फलक बसवला. मूळ लेखात ज्यांना शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले अमर हुतात्मे होते, असे तो फलक सांगतो. मुलांना दोन्ही मजकूर वहीत उतरवून घेऊ द्यावेत. रिजच्या जंगलात माकडांचा उपद्रव आहे, खाऊचे डबे बसमध्येच ठेवावेत.

मराठी शाळांना आणखी एक जागा जवळची वाटेल. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. सहलीत तो बसवणे अवघड असले, तरी बसमध्ये सांगायला ही गोष्ट चांगली आहे.

दुसरा दिवस तीन मूर्ती चौकापासून सुरू करावा. म्हैसूर, जोधपूर आणि हैदराबादच्या घोडदळांसाठी लिओनार्ड जेनिंग्ज याने घडवलेले तीन सैनिक १९२२ पासून तिथे उभे आहेत. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेताना जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी भाले घेऊन तोफा-मशीनगनवर चाल केली होती. २०१८ मध्ये चौकाच्या नावात हैफा जोडले गेले. चौक रहदारीचा आहे आणि परिसर कडक बंदोबस्ताचा. मुलांना रस्ता ओलांडून मध्ये नेऊ नये, पदपथावरून दाखवावे. समोरच पंतप्रधान संग्रहालय आहे. तिथे १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांकडे राज्यकर्त्यांच्या बाजूने पाहता येते, पण दालने इतकी आहेत की आधी निवड करूनच आत जावे. जेवणानंतर इंडिया गेट आणि संध्याकाळी युद्धस्मारक. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे महाराष्ट्र सदन याच भागात आहे. तिथल्या उपाहारगृहात मोठ्या गटाची सोय होईल का, हे आधी विचारून ठेवले तर दोन दिवसांच्या राजमा-छोल्यांनंतर मुलांना घरचे काही मिळू शकते.

तिसरा दिवस छावणीकडचा. दिल्ली वॉर सिमेट्री १९५१ मध्ये तयार झाली, तेव्हा उत्तर भारतातल्या अनेक दफनभूमींतल्या समाध्या इथे आणल्या गेल्या. १,००० हून अधिक समाध्या आहेत आणि शिळा एकसारख्या, अधिकारी आणि शिपाई यांत फरक नाही. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांच्या समाध्या शोधून उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या २५,००० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे इथल्या स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. वर उल्लेखलेली फट राजधानीत थोडीफार भरून निघते ती इथेच. पर्यटकांची गर्दी नसते, त्यामुळे बसून लिहिण्याचे काम या ठिकाणासाठी राखून ठेवावे. छावणीच्या रस्त्यांवर मात्र कॅमेरे बंद. पालमचे हवाई दल संग्रहालय त्याच दिशेला आहे. लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, लिबरेटर ही महायुद्धातली विमाने आणि जपानचे ओहका हे आत्मघातकी विमान तिथे आहे. ते त्या दिवसांत उघडे असल्याची खात्री दूरध्वनीवरून करून घ्यावी.

या आखणीत कालक्रम राहत नाही. १८५७ नंतर थेट १९४५, मग १९१८, अशी उडी बसते. क्रम सांभाळायला गेले तर दिल्लीच्या रहदारीत रोज तीन तास जातात, म्हणून भूगोलापुढे कालक्रमाने नमते घ्यावे. त्यावर उपाय म्हणजे वर्गात लांब कागदाची कालरेषा करून ती गुंडाळून बरोबर न्यावी आणि रोज रात्री मुक्कामी त्या दिवसाच्या नोंदी तिच्यावर चढवाव्यात. प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा. एका गटाने प्रत्येक स्मारक कोणी आणि कधी बांधले एवढेच टिपावे. दुसऱ्याने कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत ते पाहावे, तर तिसऱ्याने लेख कोणकोणत्या भाषांत आहेत ते नोंदवावे. सगळ्यांनी सगळे लिहायचे ठरले की सगळे जण फलकावरचा मजकूर उतरवत बसतात आणि वर मान करून कोणी पाहत नाही.

परतल्यावर आठवडाभरात छायाचित्रांना ठिकाण, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लावून घ्यावे, नाहीतर दोन महिन्यांनी कोणता दगड कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. शोधून आणलेल्या सैनिकांच्या नोंदी दोन प्रतींत कराव्यात, एक शाळेच्या ग्रंथालयासाठी आणि दुसरी ग्रामपंचायतीसाठी. कुटुंबातले कोणी हयात असेल तर नोंद त्यांना आधी दाखवावी, कारण इंग्रजी यादीत चुकलेले नाव तेच दुरुस्त करू शकतात.